पक्षातला मतभेद मतदानाआधी बोलायचा की निकालानंतर?

कर्वेनगरची_कार्यकर्ती

नमस्कार मंडळी. गेली बावीस वर्षं मी एका पक्षाचं काम करते. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका पक्षाचा नाही आणि धाग्यावर चिखलफेक नकोय. पद कधी मागितलं नाही. सतरंज्या उचलल्या, याद्या तपासल्या, दारोदार फिरले, आणि ते मनापासून केलं.

पुणे महापालिकेची निवडणूक तोंडावर आहे. परवा रविवारी आमच्या प्रभागाची बैठक एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये झाली. जाहीरनाम्याचा कच्चा मसुदा वाटला, झेरॉक्सची तीन पानं. दुसऱ्या पानावर ओळ होती, 'बालभारती ते पौड फाटा रस्ता प्राधान्यानं पूर्ण करू.' हा रस्ता वेताळ टेकडीवरून जाणार. वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. २०१७ चं आमचंच पत्रक माझ्या कपाटात प्लॅस्टिकच्या फायलीत आहे. त्यात लिहिलंय, 'टेकड्यांना धक्का लागू देणार नाही.' ते पत्रक मी स्वतःच्या हातानं सातशे घरांत दिलंय.

आमच्यात आता सरळ दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, शहर वाढणारच, त्याला रस्ते आणि पूल देणं हेच राजकारण. दुसऱ्यांचं म्हणणं, टेकडी, नदी, झिरपणारं पाणी ही सगळ्यांची ठेव आहे, ती राखायची म्हणून तर आपण या पक्षात आलो. मी दुसऱ्या तटात. मी हात वर केला तर अध्यक्ष म्हणाले, "ताई, आत्ता नको. घरातलं भांडण चव्हाट्यावर येईल. निकाल लागू दे, मग निवांत बसू."

ते मला मुलीसारखं वागवतात, वाईट हेतूनं म्हणाले नाहीत. पण दोन रात्री झोप नाही. हे बोलायची वेळ कोणती? आधी की नंतर?

रुमालवाला

वाचतोय. रुमाल टाकून ठेवतो.

बूथप्रमुख_४२

ताई, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, तुमचे अध्यक्ष बरोबर आहेत.

मी चार निवडणुका बूथ सांभाळलाय. केंद्रापासून दोनशे मीटरवर आमचं टेबल, दोन खुर्च्या, यादी, पोलचिट म्हणजे मतदाराच्या नावाच्या चिठ्ठ्या, पाण्याचा जार. दुपारी तीन वाजता यादीतली न आलेली नावं लाल पेननं गोल करायची आणि पोरांना पिटाळायचं. त्या वेळी पोराच्या मनात शंका असेल तर तो जिना चढत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना खाली आणायचं तर आपल्या पक्षावर विश्वास लागतो.

आणि आजकाल हॉलमधलं बोलणं हॉलमध्ये राहत नाही. तुम्ही सकाळी बोलाल, संध्याकाळी समोरच्यांच्या मोबाईलवर त्याची रील असेल. निकालानंतर बोला, जोरात बोला.

टेकडीवर_रोज

बूथप्रमुख, निकालानंतर बोलायला जागाच उरत नाही हो. जिंकलात तर ऐकवतात, 'लोकांनी या जाहीरनाम्याला कौल दिलाय, आता कसली चर्चा?' हरलात तर ऐकवतात, 'तुमच्यासारख्यांमुळे हरलो.' तिसरा निकाल मी तरी पाहिलेला नाही.

मी एकतीस वर्षं रोज पहाटे वेताळ टेकडीवर जातो. एप्रिल २०२३ मध्ये त्या रस्त्याविरुद्ध लोक पायी निघाले होते, त्यात मी होतो. माझ्या पुढेमागे वेगवेगळ्या पक्षांचे कार्यकर्ते चालत होते, गळ्यात उपरणं न घालता. ही फूट एका पक्षाची नाहीच. तिच्याबद्दल कार्यकर्त्यांनी आत्ता नाही बोलायचं तर कधी?

मीही_पुणेकर

टेकडीवर_रोज यांना +१. जिंकलात तर कौल, हरलात तर खापर. नेमकं लिहिलंय.

हडपसरची_नवमतदार

मला एक विचारायचंय, राग मानू नका. आमच्या सोसायटीत वर्षातले कित्येक महिने टँकर येतो. महिन्याच्या खर्चाचा मोठा भाग त्याच्यात जातो. माझी आई दर निवडणुकीत एकच प्रश्न विचारते, पाणी कोण देणार? विचारधारा वगैरे कोथरूडकरांना परवडते, असं आमच्याकडे लोक खरंच म्हणतात. पक्षात दोन तट पडले काय, तीन पडले काय, आम्हाला नळाला पाणी हवंय.

टेकडीवर_रोज

अजिबात राग नाही. पण बघा, तुमच्या प्रश्नातही विचारधारा आहेच. नवीन बांधकामाला परवानगी आधी की पाण्याची जोडणी आधी, हे कोण कसं ठरवतं? बीडीपीच्या, म्हणजे टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या, आरक्षणावरून १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालला, तोही हाच. जमीन कुणासाठी, पाणी कुणासाठी, हे ठरवणं म्हणजेच पक्षाचा विचार. तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा, त्या अगदी मुळाचा प्रश्न विचारतायत.

पौडरोडवासी

मी रस्त्याच्या बाजूनं आहे. इथे एकटा पडेन, तरी लिहितो.

दीड वर्षापूर्वी रात्री आठच्या सुमाराला वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका आली लवकर. पण पौड रोडवरून निघून लॉ कॉलेज रोडवर जी अडकली ती अडकलीच. पुढे पीएमपीची बस, मागे गाड्या, बाजूला सरकायला जागा नाही. लोक वाईट नव्हते, सगळे सरकायचा प्रयत्न करत होते. मी मागं बसून वडिलांचा हात धरला होता आणि मॉनिटरकडे बघत होतो. देवाची कृपा, वडील आज ठीक आहेत. नळ स्टॉपला दुमजली पूल झाला, तरी आमच्या भागातून पलीकडे जायचा जीव घेणारा वेळ काही संपला नाही.

तेव्हा ज्यांना रस्ता हवाय ते बिल्डरांचे हस्तक, असं कुणी म्हटलं की मला फार लागतं. धागालेखिकाताईंच्या पक्षातल्या दुसऱ्या तटातही माझ्यासारखे लोक असतील.

कर्वेनगरची_कार्यकर्ती

पौडरोडवासी, वाचून गलबलून आलं. वडिलांना जपा. आणि हो, आमच्याकडे रस्त्याच्या बाजूनं सर्वांत जोरात बोलणारी माझी मैत्रीण आहे. तिचा दिवसाला दीड तास प्रवासात जातो. तिला हस्तक म्हणणाऱ्याशी मीच भांडेन.

वकील_शनिवार

थोडं कायद्याचं सांगतो, कारण बऱ्याच कार्यकर्त्यांना उगाच भीती असते.

पक्षादेश मोडला म्हणून अपात्रता येते ती निवडून आलेल्या सदस्याला. खासदार-आमदारांसाठी १९८५ साली आलेली दहावी अनुसूची, नगरसेवकांसाठी महाराष्ट्राचा १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम. साध्या कार्यकर्त्याला यातलं काही लागू नाही. पक्ष फार तर त्याच्या घटनेप्रमाणे तुम्हाला काढेल.

दुसरं, आधी एक-तृतीयांश सदस्य फुटले तर ती 'फूट' म्हणून चालायची. २००३ च्या घटनादुरुस्तीनं ती पळवाट बंद केली. चिन्हाचा वाद निवडणूक आयोग १९६८ च्या चिन्ह आदेशाखाली सोडवतो आणि तिथे बहुतेक वेळा निर्णय येतो तो आमदार-खासदार कुणाकडे किती यावर. ६ फेब्रुवारी २०२४ चा घड्याळ चिन्हाचा निर्णय आठवा. विचार कुणाचा खरा, हे कायदा मोजत नाही. डोकी मोजतो.

म्हणून निवडणुकीआधीचा काळ महत्त्वाचा. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र, हातात पडेपर्यंत इच्छुक गप्प. निवडून आल्यावर पक्षादेशामुळे नगरसेवक गप्प. मोकळेपणानं बोलू शकतो तो ज्याला तिकीट नकोय असा कार्यकर्ता, आणि तोसुद्धा जाहीरनामा छापून येईपर्यंतच. ताई, तुमच्या पक्षात आज तुमच्याइतकं मोकळं कुणी नाही.

संचालक

कृपया सध्याच्या पक्षांची उणीदुणी काढू नयेत. वर घड्याळाचा उल्लेख निर्णयापुरता आहे, तिथेच थांबावा. धागा फार चांगला चाललाय.

इतिहासाची_विद्यार्थिनी

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. १८९५ साली काँग्रेसचं अधिवेशन पुण्यात भरलं तेव्हा काँग्रेसच्याच मंडपात समाजसुधारकांची सामाजिक परिषद भरवायची का, यावरून शहर पेटलं होतं. रानड्यांनी शेवटी परिषद दुसरीकडे घेतली. मग जहाल-मवाळ, १९०७ ला सुरतेत काँग्रेसची फूट, आणि पुन्हा एकत्र यायला १९१६ चं लखनौ उजाडलं. तोवर मवाळांचे नेते गोखले गेले होते.

बूथप्रमुख_४२

माहिती छान, पण सुरतेला निवडणूक कुठं होती? मतं मागायला जायचं नव्हतं कुणाला. तुलना जुळत नाही.

इतिहासाची_विद्यार्थिनी

मान्य. मग निवडणुकीचंच उदाहरण घ्या.

असहकारानंतर कायदेमंडळात जायचं की नाही यावर काँग्रेसमध्ये फेरवाले आणि नाफेरवाले असे दोन तट पडले. जाऊ म्हणणाऱ्यांनी १९२३ मध्ये स्वराज्य पक्ष काढला. आत जाऊन सरकारची अडवणूक करायची, अधिकारपद घ्यायचं नाही, असं ठरलेलं. १९२५ मध्ये मध्य प्रांतात याच पक्षाच्या तांबे यांनी कार्यकारी मंडळातलं पद स्वीकारलं आणि पक्ष हादरला. पद नको म्हणणारे मोतीलाल नेहरू एका बाजूला. दुसऱ्या बाजूला पुण्याचे न. चिं. केळकर, मुंबईचे जयकर, नागपूरचे मुंजे. यांचं म्हणणं, पदं घेऊन लोकांचं काम करता येत असेल तर घ्यावीत. टिळकांचा प्रतियोगी सहकाराचा, म्हणजे सरकार जेवढं सहकार्य करील तेवढंच आपणही करायचं, हा शब्द त्यांनी उचलला. निवडणूक होती नोव्हेंबर १९२६ ला आणि हे लोक त्या वर्षाच्या सुरुवातीलाच अकोल्याला वेगळे झाले. लपवलं नाही. मतदाराला आधीच कळलं की कोण काय करणार.

त्यांचं मत मला पटत नाही. पण ज्या वेळी सांगितलं ती वेळ पटते.

गोखलेनगर_ते_गावठाण

अवांतर: गोखले गेले तेव्हा टिळक अंत्ययात्रेला होते आणि स्मशानात त्यांनी गोखल्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हटलं होतं. वीस वर्षं एकमेकांविरुद्ध लेखणी चालवून. माझे आजोबा हे सांगताना दर वेळी थांबायचे.

जुना_सेवादली

माझं वय बहात्तर, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आमचं घर समाजवादी. वडील एसेमच्या, म्हणजे एस. एम. जोशींच्या बाजूचे, काका नानासाहेब गोऱ्यांच्या. दोन्ही नेते पुण्याचे, नाशिकच्या तुरुंगात एकत्र बसून समाजवादी पक्षाचं स्वप्न पाहिलेले. १९५५ मध्ये मधू लिमयांना पक्षानं निलंबित केलं आणि लोहिया बाहेर पडले, तेव्हा हे दोघं प्रजा समाजवादी पक्षात एकत्रच राहिले. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नानासाहेब पुण्यातून लोकसभेत गेले, काकासाहेब गाडगिळांना हरवून. मग १९६४ ला दोन्ही समाजवादी पक्ष जोडून संयुक्त समाजवादी पक्ष झाला, एसेम त्याचे अध्यक्ष. आणि वर्ष पुरं व्हायच्या आत वाराणसीच्या अधिवेशनानंतर तो पुन्हा तुटला. नानासाहेब परत प्रजा समाजवादीत, एसेम संयुक्त समाजवादीत.

वाद खरा विचारांचा होता. काँग्रेसला हटवायला कुणाशीही हात मिळवायचा का? लोहिया म्हणत, हो, आधी मक्तेदारी मोडा. दुसरी बाजू म्हणे, मग आपण वेगळे कशासाठी?

१९६७ ला एसेम पुण्यातून लोकसभेला उभे होते. मी चौदा वर्षांचा. आमच्या वाड्यातल्या स्वयंपाकघरात रात्री वडील आणि काका पाटावर शेजारी शेजारी बसायचे आणि याच मुद्द्यावर आवाज चढायचे. आजी भाकरी वाढता वाढता एकदा म्हणाली, "भांडा, पण ताटावरून उठू नका." कुणी उठलं नाही. एसेम निवडून आले तेव्हा काकांनीच पेढे आणले.

मला याचं महत्त्व वाटतं. काका गप्प बसले असते तर त्या पेढ्यांना काय किंमत होती?

मीही_पुणेकर

आजोबा, तुमचं टंकन आम्हा सगळ्यांपेक्षा शुद्ध आहे. अजून लिहा.

सत्त्याहत्तरची_पोर

मी जुना_सेवादलींपेक्षा थोडी लहान. माझी साक्ष बूथप्रमुखांनी वाचावी म्हणून लिहिते.

१९७७. जानेवारीत निवडणूक जाहीर झाली, मार्चमध्ये मतदान. मी एकोणीस वर्षांची होते. आम्ही रात्री भिंतींवर जनता पक्षाचं चिन्ह रंगवायचो, चक्रातला नांगरधारी शेतकरी. आधी चुन्याचा हात, मग गेरू. शेतकऱ्याचा पाय मला कधीच नीट जमला नाही, माझा भाऊ पाय काढायचा आणि मी चक्र. पुण्यात मोहन धारिया उभे होते. १९७५ मध्ये जयप्रकाशांशी बोला असं सांगितलं म्हणून इंदिराबाईंनी त्यांना मंत्रिमंडळातून काढलं होतं, त्यामुळे त्यांच्याबद्दल विलक्षण जिव्हाळा होता.

त्या जनता पक्षात समाजवादी होते, जनसंघाचे होते, संघटना काँग्रेसवाले होते, चरणसिंगांची माणसं होती. माझ्या शेजारी भिंत रंगवणारा मुलगा रोज शाखेत जायचा. मी समाजवाद्यांच्या राष्ट्र सेवा दलातली. आमचं जमायचं छान, पण एक प्रश्न मला तेव्हाही टोचायचा: उद्या आपण दोघं एकाच पक्षात असू, तर तुझी निष्ठा कुठे, माझी कुठे? मी एका ज्येष्ठांना विचारलं. ते म्हणाले, "आधी आणीबाणी घालवू, मग बोलू."

२९५ जागा आल्या. मग बोललो ते १९७९ मध्ये, दुहेरी सदस्यत्वावरून, म्हणजे पक्षात राहून संघातही राहता येतं का यावरून. तोवर दोन्हीकडे इतकं कडू साठलं होतं की बोलणं राहिलंच नाही, नुसते वार झाले. सरकार गेलं. जानेवारी १९८० ला जनता पक्षाच्या ३१ जागा आल्या. आमच्या गल्लीतली ती भिंत मी पाहिली, चक्र अर्धं पुसलेलं. त्या मुलाची माझी ओळख त्यानंतर राहिली नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

बूथप्रमुख_४२

ताई, तुमचं दोनदा वाचलं. पण मला प्रामाणिकपणे सांगा, जानेवारी-फेब्रुवारी १९७७ मध्ये तुम्ही दुहेरी सदस्यत्वावर बसून चर्चा केली असती, तर एक होऊन लढला असता का? आणि लढला नसता तर?

सत्त्याहत्तरची_पोर

नाही. लढलो नसतो. हा प्रश्न मी स्वतःला चाळीसहून अधिक वर्षं विचारतेय. तेव्हा गप्प बसणं योग्य होतं असंच आजही वाटतं. पण तेव्हा आणीबाणी उठलेली नव्हती, काही लोक अजून तुरुंगात होते. मार्चमध्ये जिंकलो आणि १ मेला पक्ष रीतसर एक झाला. त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं. दोन वर्षं उगाच घालवली.

महापालिकेच्या निवडणुकीत कुणी तुरुंगात नाहीये. इथे 'नंतर बोलू' म्हणायला तेवढं मोठं कारण कुठंय?

बूथप्रमुख_४२

हे पटलं.

हडपसरची_नवमतदार

मी आईला हा पूर्ण धागा वाचून दाखवला. भाकरी वाढणाऱ्या आजी तिला फार आवडल्या. ती म्हणाली, पक्षवाल्या ताईंना सांग, आमच्याकडे पत्रक घेऊन आलात तर आम्ही विचारू की यातलं तुम्हाला स्वतःला काय पटतं. खोटं बोललेलं चेहऱ्यावर दिसतं.

कर्वेनगरची_कार्यकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुन्हा बैठक झाली, त्याचं सांगते.

मी सकाळीच अध्यक्षांच्या घरी गेले. म्हटलं, काका, मी पेपरात जाणार नाही, रील करणार नाही, पण हॉलमध्ये दहा मिनिटं बोलणार. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मोबाईल बाहेर ठेवायला लावतो सगळ्यांना." आणि खरंच लावले. कार्यालयाच्या चपलांच्या रॅकशेजारी एका टोपलीत चाळीसेक मोबाईल.

मी २०१७ चं पत्रक वाचून दाखवलं. मग पौडरोडवासींच्या वडिलांचं सांगितलं, नाव-गाव न घेता, कारण ते न सांगता टेकडीबद्दल बोलणं मला लबाडीचं वाटलं असतं. म्हटलं, या माणसाला आपण काय उत्तर देणार ते टेकडीवाल्यांनीही लिहून द्यावं. लॉ कॉलेज रोडवर बस आणि रुग्णवाहिकेला वाट कशी मिळेल, पार्किंग कुठे उठवायचं, हे सांगायची आपली तयारी नसेल तर नुसतं 'टेकडी वाचवा' म्हणू नये. माझी मैत्रीण माझ्यानंतर उभी राहिली आणि माझ्या विरुद्ध बोलली. पंधरा मिनिटं, मुद्देसूद. मला ती पहिल्यांदा पूर्ण कळली.

ओळ काढली नाही. हात वर केले तर ती बाजू सात मतांनी जास्त होती. पण पुढे एक वाक्य वाढलं, 'या रस्त्याबाबत पक्षात वेगळी मतं आहेत, काम सुरू होण्याआधी प्रभागात खुली सभा घेऊ.' हे छापलं जाईल असं अध्यक्षांनी सगळ्यांसमोर कबूल केलंय.

मी मात्र ते पत्रक वाटणार नाही, हे सांगून आले. घरोघर पोलचिट देईन, याद्या करीन, आजींना खाली आणीन. कुणी विचारलं तर माझं मत सांगीन. रात्री मैत्रीण घरी आली, मुगाची खिचडी खाऊन साडेअकराला गेली.

वकील_शनिवार

ते वाढवलेलं वाक्य छापून आलं की एक प्रत जपून ठेवा, फायलीत २०१७ च्या शेजारी. जाहीरनामा पाळला नाही म्हणून कोर्टात जाता येत नाही, पण सभेत उभं राहून वाचून दाखवता येतं.

पौडरोडवासी

ताई, वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, त्या टेकडीवर मी लग्नाआधी रोज जायचो, मला एकदा ने. डॉक्टरांनी सपाटीवर चालायला परवानगी दिलीय. टेकडीवर_रोज, चढ कमी असलेली वाट कुठली?

टेकडीवर_रोज

एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या रस्त्यानं गाडी वरपर्यंत येते. रविवारी साडेसहाला मी तिथे थांबतो. वरून खाणीपर्यंत बऱ्यापैकी सपाट आहे, मध्ये बसायला दगड आहेत. सकाळी मोर ओरडतात, त्यांना ऐकू येतील. रस्त्याचं आपण चालता चालता बोलू.

बूथप्रमुख_४२

कर्वेनगरच्या ताई, आपला पक्ष एक आहे की नाही मला माहीत नाही आणि विचारणारही नाही. पोलचिट वाटताना एक करा, यादीतले मयत आणि स्थलांतरित आधी वेगळे काढा, तुमचे जिने निम्मे वाचतील.

कर्वेनगरची_कार्यकर्ती

आजच बसते. लाल पेन आहे घरात.